डाव्या गालावरची पेन्सिल

मिचक्याने पत्र्याचे तीन डबे माझ्या दारात आदळले आणि धापा टाकत म्हणाला, "ताई, हा बाबांचा पसारा. स्टुडिओची खोली रिकामी करून दिली एकदाची. ह्यातून आपला चौघांचा फोटो तेवढा काढून दे. नव्या घरात भिंतीवर मोठा लावायचाय. बाकीचं टाक भंगारात."

"मीच का?"

"तुला वेळ असतो."

मला वेळ असतो! दिवसभर औषधांच्या गोदामात उभी राहून खोकी लावते, संध्याकाळी पाय चपलेत मावत नाहीत, घरी येऊन आईला जेवू घालते, तिच्या डोळ्यांत थेंब घालते, मग भांडी. पण माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मला वेळ असतो. घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येक चुलीपाशी एक बिनलग्नाची.

मिचक्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी कॅमेऱ्यासमोर बसवला की बटण दाबायच्या क्षणी नेमके डोळे मिटायचा, म्हणून मिचक्या. आता टक्कल पडलं तरी मिचक्याच. आणि घरातल्या एकाही फोटोत त्याचे डोळे मिटलेले नाहीत. ह्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता. मला माझंच पुरेसं होतं.

माझं म्हणजे डाव्या गालाचं. कानापासून जबड्यापर्यंत काळपट जांभळा डाग आहे, जन्मापासूनचा. लोक माझ्याशी बोलतात तेव्हा उजव्या गालाशी बोलतात. गोदामात मला आधी पुढच्या काउंटरवर घेतलं होतं. थोड्याच दिवसांत मालक म्हणाला, "मागे माणसं कमी पडतात." मागे गेले तर तिथे आधीचीच माणसं हातावर हात ठेवून बसलेली.

बाप फोटोग्राफर असल्यामुळे माझे ढिगाने फोटो आहेत. शाळेच्या गणवेशातले, नव्या फ्रॉकमधले, हातात फुलं घेतलेले. एकातही डाग नाही. गाल कसा धुतल्या ताटासारखा. शाळेतल्या मैत्रिणी फोटो बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, मग परत फोटोकडे. एकीने विचारलं होतं, "ही तुझी बहीण का?" मी हो म्हणाले. पुढे कित्येक वर्षं मला ती बहीण होती. गोरी, शहाणी, बाबांची लाडकी. मेली कधी मोठीच झाली नाही.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का कसला, राग होता. बापाने आयुष्यभर लेकीचा चेहरा पुसला, आणि लेकीने त्याच्यासाठी रडायचं?

तर डबे दारात होते आणि मी ठरवलं: मिचक्याची भिंत गेली उडत, मी ह्यातून माझा एक फोटो शोधणार. एकच. ज्यात बाबांचा हात फिरलेला नाही असा. कंटाळून म्हणा, विसरून म्हणा, एखादी तरी निगेटिव्ह सुटली असेल ना?

निगेटिव्ह मोठी करून बघायची तर स्कॅनर हवा. पहिला भाचीने, म्हणजे मिचक्याच्या मुलीने, मोबाइलवर शोधून दिला. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा डबा. "आत्या, फिल्म सरकवायची, बटण दाबायचं, झालं." बोलता बोलता तिने माझा एक फोटोही काढला आणि दाखवला. डाग नव्हता. तिने काहीही केलेलं नव्हतं, मोबाइल आपण होऊनच चेहरा साफ करतो म्हणे. बाबा निदान मेहनत तरी घ्यायचे.

डबा घरी आला. त्याच्या फटीत जाते ती अरुंद पट्टी, हौशी लोकांच्या कॅमेऱ्यातली. बाबांच्या निगेटिव्ह चांगल्या तळहाताएवढ्या रुंद. मी मिचक्याला फोन केला.

"मग कापून बसव की," तो म्हणाला.

"तुझं डोकं कापून बसवू?"

"आमचं डोकं रिकामंच आहे ताई, बसेल कुठेही."

दुकानदाराने डबा परत घेतला नाही. खोका फोडलाय म्हणाला. खोका न फोडता आतलं यंत्र कसं तपासायचं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

दुसरा स्कॅनर मी स्वतः शोधला, कारण तोवर मला अक्कल आली होती. कागद स्कॅन करायला खालून उजेड पुरतो. फिल्मच्या आरपार उजेड जावा लागतो, म्हणून झाकणातही दिवा हवा. असं एक जुनं धूड एका बंद पडलेल्या छापखान्यात होतं. छापखान्याच्या मालकाला आधी विचारलं, "झाकणातला दिवा लागतो का?"

त्याने लावून दाखवला. माझ्या उजव्या गालाकडे बघत म्हणाला, "दिवा झकास आहे बाई. फक्त फिल्म धरायची चौकट हरवलीय. पण तिच्यावाचून अडत नाही. काचेवर ठेवायची सरळ."

अडतं. फिल्म काचेला चिकटली की फोटोवर पाण्यात खडा टाकल्यासारखी वर्तुळं उमटतात. माझ्या गालावर तशी सहा-सात उमटली, तेव्हा हसू आलं. म्हटलं, वा, बाबा, आता हे पुसा. मग काळ्या पुठ्ठ्याची चौकट कापली, दोन थर चिकटवले, फिल्म काचेपासून केसभर उचलली. वर्तुळं गेली.

मग धुळीने जीव खाल्ला. फुंकून, ब्रशने झाडून, तरीही कॉम्प्युटरच्या पडद्यावर तांदूळ सांडल्यासारखे ठिपके. स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये एक खूण होती: धूळ आपोआप काढा. मी ती केली आणि दिवसभराची सुट्टी घालवून अर्धा डबा स्कॅन केला. रात्री बघते तर सगळ्यांचे चेहरे मेणाचे. नाकं वितळलेली, डोळ्यांच्या जागी डबकी. यंत्राला काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये धूळ कुठली आणि माणूस कुठला ते कळतच नाही. फिल्मवर जे दाट, ती त्याच्या मते धूळ. रंगीत फिल्मला ही खूण चालते, हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याचं वाटोळं होवो. खूण काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हे सगळं चाललं होतं आईच्या खोलीत, कारण टेबल तिथेच मावतं. आई खाटेवर असते. तिच्या नजरेच्या मधोमध काळा ठिपका आलाय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस आला की ती मान फिरवून दुसरीकडे बघते, म्हणजे तो कोपऱ्यातून तरी दिसावा. पण चेहरा काही कोपऱ्यातून ओळखू येत नाही. मी आवाजाने कळते, मिचक्या खोकल्याने.

पहिली धड निगेटिव्ह पडद्यावर आली त्या रविवारी मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं. नुसता गाल पडदाभर पसरला तेव्हा दिसलं. गुळगुळीत गाल नव्हताच तो. बारीक बारीक रेघा होत्या, स्वल्पविरामासारख्या, एकीला चिकटून दुसरी, शेकडो. पेन्सिल!

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माझा काळा डाग फिल्मवर उजळ दिसतो, आरपार, खिडकीसारखा. त्या खिडकीत पेन्सिलच्या रेघा भरल्या की उजेड अडतो आणि कागदावर गाल गोरा येतो. म्हणजे बापाने माझ्या गालाला खिडकी समजून वीट वीट रचून ती बुजवली होती.

मी दुसरी घेतली. रेघा. तिसरी, चौथी. शाळेची, वाढदिवसाची, तापातून उठल्यावरची, ज्यात मी नीट उभीही राहत नव्हते. तिथेही रेघा.

"हरामखोर," मी म्हणाले.

"कोण?" आई.

"तुझा नवरा. एक फोटो सोडला नाही. एक! तापात पोरगी पडली होती, तिथेही ह्याची पेन्सिल चालूच."

आई भिंतीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे.

त्यानंतर कितीतरी रविवार असेच गेले. मी स्कॅन करायची, मोठं करायची, शिव्या द्यायची, पुढची घ्यायची. आई ऐकायची. दुसऱ्या डब्याच्या तळापर्यंत पोचले तेव्हा पाठ बाकदार झाली होती आणि शिव्याही संपत आल्या होत्या. राग करायलाही अंगात ताकद लागते. मी फक्त मोजत राहिल्यासारखी बघत होते: रेघा, रेघा, रेघा.

तिसऱ्या डब्यात चौघांचा फोटो सापडला, मिचक्याला हवा होता तो. बाबांनी टायमर लावून धावत येऊन खुर्ची पकडलेली, टाय खांद्यावर गेलेला. आई बसलेली. मिचक्या तिच्या मांडीवर, डोळे टक्क उघडे. मी मध्ये उभी, गाल गोरापान. मी तो स्कॅन केला. मग गोदामातून आणलेली स्पिरिटची बाटली उघडली आणि कापूस भिजवला. पेन्सिलच आहे ना? मग पुसली जाईल. आपल्याला सुटलेला फोटो मिळत नाही, तर आपण सोडवू.

वास खाटेपर्यंत गेला.

"स्पिरिट आहे का ते?" आई म्हणाली.

"हो."

"कुठल्या बाजूने पुसतेयस?"

"कुठल्या म्हणजे? वरच्या."

"बोट फिरव. गुळगुळीत लागते का?"

"हो."

"ती पाठ झाली. पेन्सिल दुसरीकडे असते, खरबरीत, मंद बाजूला. गुळगुळीत फिल्मवर पेन्सिल धरते का कुठे? आणि स्पिरिट ठेव बाजूला. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आण. टचिंगच्या आधी आम्ही राळेचा हात द्यायचो, पेन्सिल बसावी म्हणून. राळ स्पिरिटने नुसती फासली जाईल, डाग पडेल."

मी कापूस धरून तशीच उभी.

"आम्ही?" मी म्हणाले. "आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे मी."

खोलीत स्कॅनरचा दिवा मागे येत घरघरत होता.

"तुझ्या बाबांचा हात कापायचा," आई म्हणाली. "कॅमेरा तिपाईवर असतो म्हणून धंदा चालला त्यांचा. ते काय टचिंग करणार? पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर पेन्सिल फिरवली, तर माणूस नाकावर आपटल्यासारखा दिसायला लागला. मग मी बसले."

"तू दुकानात डबा द्यायला जायचीस. झाडायला."

"तुम्हाला तसं सांगितलं होतं. पोरं बोलून टाकतात. कोणाच्या तोंडावर काय होतं आणि काय झाकलं, हे दुकानाबाहेर जायला नको. ह्या धंद्यात टचिंगवाल्याने तोंड उघडलं की धंदा बसला."

"एवढे रविवार मी त्यांना शिव्या घालतेय!"

"ऐकत होते."

"आणि तू तोंड उघडलं नाहीस."

"मेलेल्या माणसाला शिव्या लागत नाहीत," आई म्हणाली. "मला लागल्या असत्या."

इतक्या वर्षांचा राग ज्याच्या नावावर ठेवला तो माणूस निर्दोष निघाला, आणि गुन्हेगार समोर खाटेवर, तिच्या डोळ्यांत मीच थेंब घालते. मी बाटलीचं बूच लावलं, पायांत चपला सरकवल्या आणि रंगाच्या दुकानात गेले. भांडायचं होतं तर भांडता आलं असतं. पण पाय दुखत होते आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

परत आले तर आई खाटेवरून उतरून खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. म्हणाली, "आण इकडे. काडीला कापूस गुंडाळून दे. घट्ट, वळकटीसारखा."

"तुला दिसत नाही."

"तुला तरी कुठे येतं?"

तिने निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरली, मान पार दुसरीकडे वळवली, आणि अंगठ्याने मंद बाजूवर चाचपडत गेली. बाबांच्या टायवरून, मिचक्याच्या डोक्यावरून. माझ्यापाशी थांबली. काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून बाटलीच्या तोंडावर निथळली आणि गोल गोल फिरवायला लागली, इतकी हलकी, जणू बाळाचा कान पुसतेय. कापूस काळा झाला. तिने तो टाकला आणि दुसरा मागितला.

फिल्म वाळल्यावर मी ती चौकटीत बसवली. दिवा सरकत गेला. पडद्यावर आधी बाबांचे बूट आले, मग खुर्ची, मग मी.

डाग होता.

कानापासून जबड्यापर्यंत, आरशात असतो तोच. पोरगी कपाळाला आठ्या घालून उभी होती. बहीण नव्हती ती. मीच होते, एवढीशी, आत्ताच कोणीतरी ओरडल्यासारखी.

"आला का?" आईने विचारलं.

मी गाल पडदाभर मोठा केला.

"वर कानाजवळ एक बारीक बेट असेल, सुटं," ती म्हणाली. "मग खाली रुंद होत जातो. तोंडाच्या बाजूला एक खाच. आणि जबड्यापाशी शेपूट, मागे वळलेलं."

मी पडद्याकडे बघितलं. बेट होतं. खाच होती. शेपूट मागे वळलेलं होतं. आरशात रोज बघूनही ते बेट मला माहीत नव्हतं.

"दिसतंय तुला?"

"कुठलं दिसायला? पाठ आहे. भिंगाखाली धरून रेघ रेघ भरलाय तो मी. त्या डागाकडे माझ्याइतकं कोणी बघितलं नसेल."

"बघितलास म्हणूनच पुसलास."

"हो," आई म्हणाली. तिने सारवासारव केली नाही, म्हणूनच मला पुढचं विचारता आलं.

"का?"

"वाटलं, मोठी झालीस की फोटो बघून बरं वाटेल."

"नाही वाटलं."

"ते कळलं. एवढे रविवार कळतच होतं."

तेवढ्यात जिन्यावर खोकला ऐकू आला. मिचक्या आत येऊन पडद्यासमोर वाकला.

"अरे वा, सापडला! बाबांचा टाय बघ." मग त्याचं बोट पडद्यावर माझ्यापाशी आलं. "ताई, हा... ह्यात तुझं..."

"गालच आहे. बोल की."

"आधीचा नाही का? अल्बममध्ये आहे तसा? पाहुणेरावळे येतात ग. उगाच विचारत बसतील."

पहिला स्कॅन तिथेच होता, शेजारच्या चौकोनात, गोऱ्या गालासकट. मी त्याच्यावर बोट ठेवलं, त्याला बघू दिलं आणि पुसून टाकला. पुसायचं आम्हालाही येतं.

"भिंतीवर लावायचा तर हा लाव," मी म्हणाले. "नाहीतर भिंतीला रंग दे. तोही छान दिसतो."

मिचक्याने आईकडे बघितलं. आई खिडकीकडे बघत होती, म्हणजे त्याच्याकडे. तिने काही मदत केली नाही.

"बरं," तो म्हणाला. टकलावरून हात फिरवला. पुन्हा पडद्याकडे वाकून बघितलं, जरा जास्त वेळ. "खरं तर हाच जास्त तुझ्यासारखा आहे. रागीट." मग म्हणाला, "माझे डोळे बघा पण, कसले टपोरे! ह्यात नेमके कसे उघडे राहिले?"

"राहिले नाहीत," आई म्हणाली. "मिटलेलेच होते. पापणीवर ब्लेडच्या टोकाने बाहुल्या कोरल्यात मी."

"म्हणजे माझेही पुसले तर..."

"पेन्सिल असती तर पुसली असती. तुझं खरवडलंय. खालचं काही उरलं नाही रे बाबा. तू असाच."

तो हसला, पण आत कुठेतरी लागल्यासारखा हसला, आणि डोळे मिचकावत फोटोची प्रत घेऊन गेला.

मी उठले. कंबर धरली होती. आईची औषधं राहिली होती, भांडी राहिली होती. स्कॅनर बंद करायला गेले तर आई म्हणाली, "कुठे चाललीस? पुढची दे."

डब्यात वर होती ती उचलून दिली. तिने अंगठा फिरवला आणि थांबली. "ही तू नव्हेस. जबडा मोठा आहे. कोण?"

मी उजेडात बघितलं. कुणीतरी बाई होती, भारी साडीतली. हनुवटीवर रेघांचं जंगल.

"गिऱ्हाईक."

"मग ठेव परत. गिऱ्हाइकाचं पुसायचं नाही. त्यांनी सांगून करून घेतलंय."

"आणि मी?"

आईने काडीचा काळा कापूस सोडवला, नवा घेतला, ओला केला.

"तुला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझी दे."